३००० फुटांचा प्लॉट, ६५० फुटांचं घर

नागपुरात कोणी जुनं घर घेतलं म्हटलं की पहिला प्रश्न घराबद्दल नसतोच, प्लॉट किती फुटाचा हाच असतो. ३००० म्हटलं की लगेच दुसरा, रोड किती फुटाचा. आणि मग प्रश्न संपतात, सल्ला सुरू होतो, पाडून टाका भाऊ, स्कीम उभी करा, बिल्डर तुम्हाला फ्लॅट पण देईल आणि वरून पैसे पण. धरमपेठ, रामदासपेठ, शंकरनगर, लक्ष्मीनगर, सगळीकडे असंच होऊन राहिलं, एकेक बंगला जातो आणि त्या जागी पार्किंगवर उभी असलेली बिल्डिंग येते.

दक्षिण नागपुरातलं हे घर मात्र पाडायला घेतलेलं नाही. नागपूर सुधार प्रन्यास, म्हणजे शहरात लेआउट पाडून प्लॉट देणारी सरकारी संस्था, तिच्या जुन्या लेआउटमधला ४० बाय ७५चा प्लॉट, त्यावर समोर ओसरी, दोन खोल्या, स्वयंपाकघर, संडास-बाथरूम मागे वेगळं, आणि बाकी सगळी जमीन मोकळी. सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत, कडुनिंब, लिंबू, सीताफळ, आणि एक विहीर जी मधल्या काळात झाकून ठेवली होती. घेणारं जोडपं नोकरीवालं, सोबत आई आणि लहान पोरगी. त्यांना राहायचंय, बस.

भाव ठरतो तो जमिनीचा. घराला कोणी धरतच नाही, पन्नास वर्षांचं बांधकाम म्हणून शून्य. बँकेचा व्हॅल्युअर जमीन आणि बांधकाम वेगवेगळं लिहितो, आणि या घराचं आयुष्य अजून किती उरलं हे पण लिहितो, त्यावरून लोन कमी-जास्त होतं. म्हणून अशा घराला स्वतःचे पैसे थोडे जास्त हाताशी लागतात. रजिस्ट्री बाईच्या नावानं केली तर महाराष्ट्रात राहत्या घराच्या स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सूट आहे, ती यांनी घेतली.

कागदांवर मात्र जरा थांबू, कारण जुन्या घराचा सगळा जीव तिथं अडकलेला असतो. प्रन्यासचा प्लॉट म्हणजे बहुतेक वेळा मालकी नाही, लीज. साधारण ३० वर्षांची, पुढे रिन्यू होणारी. इथं पहिलं अलॉटमेंट विकणाऱ्यांच्या आजोबांच्या नावावर, आजोबा गेले, वडील गेले, लीजवर नाव मात्र आजोबांचंच. वारस चार, त्यातला एक पुण्यात, एक बाहेर देशात, आणि दोन बहिणी ज्यांना घरात कोणी विचारतच नव्हतं. ज्या घरात भाऊ सांगतो की बहिणींचं काही म्हणणं नाही, तिथं बहिणींना स्वतः भेटायचं, त्यांचा हक्क आहे आणि त्यांची सही पाहिजेच, किंवा रजिस्टर झालेलं हक्कसोडपत्र. इथं चारही सह्या झाल्या, थकलेलं भूभाडं भरलं गेलं, लीज रिन्यू झाली, वारसांची नावं चढली, आणि मगच सौदा पक्का झाला. वकिलानं ३० वर्षांच्या व्यवहारांच्या नोंदी तपासून सर्च काढला, पेपरात जाहीर नोटीस दिली, आणि मोजणी करून घेतली. मोजणीत शेजारच्या कंपाउंडची भिंत दीड फूट आत निघाली, ते बोलून मिटलं, पण व्यवहाराच्या आधी निघालं म्हणून मिटलं. खासगी लेआउटमधलं घर असेल तर गोष्ट वेगळी, तिथं गुंठेवारीच्या २००१च्या कायद्याखाली प्लॉट नियमित झालाय का, म्हणजे आरएल लेटर (नियमित केल्याचं पत्र) आहे का, हे पहिलं बघायचं.

आता घराकडे या. नागपूरची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, इतकी की मैदानात हात जाईल अशा भेगा पडतात, आणि हलका पाया असलेलं घर त्यासोबत वर-खाली होत राहतं. म्हणून भिंतीवरची प्रत्येक चीर घाबरण्यासारखी नसते, प्लास्टरची बारीक जाळी चालते, पण खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली, विटांच्या सांध्यातून पायऱ्या उतरत गेलेली चीर असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवायचीच. या घराला तशी एक होती, मागच्या कोपऱ्यात, आणि कारण निघालं बाथरूमचं पाणी जे वर्षानुवर्षं पायाजवळ मुरत होतं. पाइप बदलला, पाण्याला उतार दिला, कोपरा आधार देऊन बांधून घेतला. भिंती लोडबेअरिंग आहेत, छताचा भार त्यांच्यावरच, त्यामुळे हॉल मोठा करायला मधली भिंत काढू म्हटलं तर ते होत नाही.

आणि रोड. शहरात सिमेंट रोड झाले, चांगले झाले, पण अनेक ठिकाणी रोड वर गेला आणि घरं खाली राहिली. शेजारच्या काकू सांगतात की या ओसरीला आधी चार पायऱ्या होत्या, आता दोनच उरल्या. २२-२३ सप्टेंबर २०२३ च्या रात्री नागपुरात जो पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत लोकांच्या घरात पाणी शिरलं, त्यानंतर तरी घर घेणाऱ्यानं दलालाला नाही तर शेजाऱ्यांना विचारलं पाहिजे की त्या रात्री पाणी कुठपर्यंत आलं होतं. इथं गेटपर्यंत आलं, आत आलं ते मोकळ्या जमिनीत मुरलं.

ही मोकळी जमीन वाया चाललीय असं ज्यांना वाटतं त्यांनी मे महिन्यात इथं यावं. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ डिग्री नोंदवली गेली, अशा गावात कूलर चालायला मागून मोकळी हवा लागते आणि समोरून निघायला वाट लागते, दोन बिल्डिंगच्या मधल्या बोळात लावलेला कूलर नुसता दमटपणा करतो. इथं कूलर कडुनिंबाच्या सावलीत बसवलाय, मागच्या खिडकीला, आणि आई दुपारी एसीशिवाय झोपते. हा निंब पन्नाशीच्या पुढचा आहे, २०२१ पासून महाराष्ट्रात शहरातल्या ५० वर्षांवरच्या झाडाला हेरिटेज झाडाचा दर्जा आहे, परवानगीशिवाय कापता येत नाही. बिल्डरला ही अडचण वाटते. या लोकांनी घर पसंत केलं ते याच झाडाखाली उभं राहून.

जागा कमी पडते, ते खरं आहे. पोरगी मोठी होईल, पाहुणे येतात. म्हणून मागे एक खोली आणि बाथरूम काढायचं ठरलंय, जुन्या भिंतीवर भार न टाकता, वेगळ्या कॉलमवर, निंबाच्या मुळांपासून लांब. नकाशा मंजुरीला दिलाय. तोपर्यंत विहिरीतला गाळ काढून झाला, छताचं पाणी फिल्टर लावून तिच्यात सोडलंय, आणि खोलीचं काम पावसाळा संपला, जमीन वाळली की दिवाळीनंतर सुरू होईल.