दोन कार्यक्रमांच्या मधली पाच मिनिटं

नमस्कार श्रोतेहो.

"हॅलो, हॅलो... माईक टेस्टिंग... वन, टू, थ्री." एवढं कानावर पडलं तरी माझ्या पोटात अजून गोळा येतो. वय पासष्ट, बँकेतून निवृत्त होऊन पाच वर्षं झाली. आता मला कुणी भाषण पाठ करायला लावणार नाही, की तोंडाला रंग फासणार नाही. तरी गोळा येतोच. गिरगावातल्या वाडीत वाढलेल्या माणसाची ती जन्मखूण समजा.

गणपतीच्या दहा दिवसांतली एक संध्याकाळ आमच्या वाडीत ठरलेली असायची. फळ्यावर खडूनं लिहिलेलं असे, 'वाडीतील कलाकारांचे विविध गुणदर्शन'. कलाकार म्हणजे कोण? तर तळमजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या मावशी, गिरणीत रात्रपाळी करणारे काका, बालवाडीतली पोरं, दहावीला दोनदा बसलेला एक दादा आणि आम्ही. बघणारेही तेच. आत्ता टाळ्या वाजवत असलेला माणूस दहा मिनिटांनी वर चढायचा आणि वरचा माणूस तोंड न धुताच येऊन त्याच्या जागेवर बसायचा. रंगमंच एकच. टेबलांवर फळ्या, फळ्यांवर सतरंजी, मागे कुणाच्या तरी घरातली चादर आणि पुढे दोरीनं ओढायचा पडदा.

वाडीच्या रंगमंचाची एक गंमत सांगतो, ती मोठ्या नाट्यगृहात मिळायची नाही. आमचा चौक तीन बाजूंनी चाळींनी वेढलेला. खाली सतरंज्यांवर शंभर-दीडशे माणसं, पण त्याहून जास्त वर गॅलऱ्यांमध्ये, कठड्याला टेकून. त्यामुळे समोर बघून बोललं तर निम्म्या लोकांना नुसता टोप दिसायचा. "वर बघ, वर बघ, तिसरा मजला!" हे आमचं पहिलं नाट्यशिक्षण. शिवाय माईक एकच, मधोमध लोंबणारा. राजा, प्रधान, शिपाई सगळे दाणे टाकल्यावर कोंबड्या जमाव्यात तसे त्याच्याखाली जमायचे. प्रधानाचं वाक्य आलं की राजानं एक पाऊल सरकून त्याला माईक द्यायचा. भूमिकेत राजा कितीही मोठा असो, सरकावं लागायचंच.

पण आज मला त्या दहा मिनिटांच्या कलेबद्दल फारसं बोलायचं नाही. ती बेताचीच होती, हे आता कबूल करायला हरकत नाही. मला बोलायचंय ते दोन कार्यक्रमांच्या मधल्या पाच मिनिटांबद्दल. पडदा पडलाय, आधीच्यांचं सामान अजून वर आहे, पुढचे विंगेत उभे आहेत, आणि समोर माणसं चुळबुळ करतायत. आपला एकट्याचा प्रयोग असला तर ही वेळ येत नाही. सगळ्यांच्या मिळून एकाच रंगमंचावर मात्र रात्रीचं यशापयश याच पाच मिनिटांत ठरतं.

साल १९७८. मी एकोणीस वर्षांचा, वाडीत सगळ्यांत उंच, म्हणून अफझलखान. अभिनयाचा काही संबंध नाही. उंची आणि आवाज एवढंच भांडवल. स्पिरिट गमनं चिकटवलेली दाढी, भाड्याचा झगा आणि झग्याच्या आत, आतडी म्हणून, बहिणीची लाल ओढणी कोंबलेली. शामियान्यात शोभेला म्हणून कुणाच्या तरी घरचा काचेचा कंदील टांगला होता. वाघनखं लागली, मी "दगा! दगा!" म्हणून ओरडलो आणि इतक्या जीव तोडून पडलो की हात कंदिलाला लागला. काच खळ्ळकन फुटली. महाराज मागे सरले, सगळ्यांना वाटलं की बसवलेलंच आहे. टाळ्या बेताच्या. पडदा.

पुढचा कार्यक्रम होता सात-आठ वर्षांच्या मुलींचं कोळीनृत्य. अनवाणी. दहा जणी विंगेत, हिरवी लुगडी नेसलेल्या, डोक्यावर टोपल्या, आणि फळ्यांवर सगळीकडे काच. नाच बसवणाऱ्या ताई रडवेल्या झाल्या. आमचे महाराज आणि मावळे तोवर खाली उतरून चहाला गेले होते. मेलेला मी तेवढा वर. केरसुणी आणली आणि झाडायला लागलो. दाढी अर्धी सुटलेली, पोटातून दोन हात लाल ओढणी लोंबतेय, आणि मी वाकून काचा गोळा करतोय. पडद्याची दोरी मध्येच अडकली होती आणि पडदा अर्धाच मिटला होता, हे माझ्या लक्षातच आलं नाही. सगळी वाडी बघत होती. तिसऱ्या मजल्यावरून एक आजी ओरडल्या, "खानसाहेब, त्या कोपऱ्यात राहिली बघा!" चौक हसून कोसळला. मी कोपरा झाडला. मग गुडघे टेकले आणि तळहात फळ्यांवरून फिरवून पाहिला, बारीक कण राहू नयेत म्हणून. उठलो तेव्हा ज्या टाळ्या पडल्या तशा मला आधी कधी मिळाल्या नव्हत्या, पुढेही मिळाल्या नाहीत. वाडीत माझं नाव तेव्हापासून खान पडलं ते पडलंच.

आता थोडं मागे जातो. आमच्या जवळच, केशवजी नाईकांच्या चाळीत, १८९३ साली मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती बसला. १९०१ साली लोकमान्य टिळक तिथे येऊन गेले. इतिहासात व्याख्यानं येतात, कीर्तनं येतात. पण उत्सवाला गर्दी खेचली ती मेळ्यांनी. मेळा म्हणजे एकसारखा पोशाख घातलेल्या मुलांचा गाणारा-नाचणारा जथा. एका मंडपात पदं म्हणायची, संवाद करायचे, की निघाले पुढच्या मंडपाकडे. एका रात्रीत एका मंडपात एकामागून एक मेळे यायचे. म्हणजे रंगमंच मंडळाचा, पण कार्यक्रम येणाऱ्याचा. पदांच्या छापील पुस्तिका विकल्या जायच्या आणि त्या पुस्तिका इंग्रज सरकारही बारकाईनं वाचायचं. पदांमध्ये देवाची स्तुती असायची, स्वदेशी असायची आणि पडद्याआडून सरकारला चिमटे असायचे. म्हणून १९१०च्या सुमारास मेळ्यांवर बंधनं आली, काहींवर बंदीच आली.

एकत्र रंगमंच म्हटलं की सगळं गोड होतं, असं मात्र समजू नका. १९२०च्या दशकात पुण्यात केशवराव जेध्यांच्या पुढाकारानं छत्रपती मेळा निघाला. त्याच्या पदांनी ब्राह्मणी पुढारपणावर कोरडे ओढले आणि मग दोन्ही बाजूंनी पदांना पदांनी उत्तरं, वादावादी, हातघाई. उत्सव सगळ्यांचा, असं म्हणायचं असेल तर ज्याचं ऐकून आपल्या अंगाची आग होते त्यालाही त्याच फळ्यांवर उभं राहू द्यावं लागतं. आमच्या वाडीत इतकं तापलं नाही. आमची भांडणं क्रमावरून.

ती बैठक म्हणजे स्वतंत्र नाटकच होतं. पहिला नंबर कुणालाच नको, कारण साडेसातला माणसं जेवत असतात. शेवटचा नको, कारण मुलं पेंगतात. बालवाडीचा कार्यक्रम संपला की त्यांच्या आया उठून जातात, म्हणून त्याच्या लगेच नंतरचा तर कुणालाच नको. एका वर्षी महानगरपालिकेचं पाणी रात्री नऊला यायचं. नऊ वाजता दुसऱ्या मजल्यावरून "पाणी आलंऽ!" अशी हाळी आली की भावगीत गाणाऱ्या काकांसमोर फक्त पुरुष आणि पोरं उरायची, तीही बादल्या उचलायला बोलावली जाईपर्यंत. पुढच्या वर्षी काकांनी क्रमाच्या कागदावर पहिली सही करताना विचारलं, "नळाची वेळ काय आहे?"

पाच मिनिटं भरायच्या युक्त्याही आमच्याकडे होत्या, आणि त्या आमच्या नव्हत्या. जुन्या संगीत नाटकात रंगवलेले पडदे असत: रस्त्याचा, जंगलाचा, दरबाराचा. रस्त्याचा पडदा पुढे सोडून त्याच्यापुढे दोन विनोदी पात्रं बोलत राहायची आणि मागे तोवर दरबार लागायचा. आम्ही तेच करायचो. नकला करणारा एक मुलगा होता, त्याला वेगळा नंबरच नसे. तो सगळ्यांच्या मधे मधे पडद्यापुढे. मागून टेबल सरकवल्याचा आवाज आला की तो आगगाडीची नक्कल सुरू करायचा, म्हणजे तो खडखडाट गाडीचा वाटे. मागून "झालं!" असा दबका आवाज आला की गाडी स्टेशनात. त्या मुलाला एकदाही बक्षीस मिळालं नाही. परीक्षक नाटकाचे, गाण्याचे, नाचाचे. मधल्या जागेचं बक्षीस कुणी ठेवलंच नव्हतं.

आता जरा हिशोब करू. बँकेतला माणूस आहे, राहवत नाही. चौदा कार्यक्रम, दहा-दहा मिनिटांचे. झाली १४० मिनिटं. मधल्या तेरा जागा, प्रत्येकी पाच मिनिटं, म्हणजे आणखी ६५. एकूण २०५ मिनिटं, तीन तास पंचवीस मिनिटं. साडेसातला सुरू केलं, आणि वेळेवर सुरू केलं हे मोठं गृहीतक, तर संपायला अकराला पाच कमी. आमच्या काळात कुणी घड्याळाकडे बघत नव्हतं.

मग २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकतं, पण गुणदर्शनाची संध्याकाळ त्याच दिवशी येईल असं नाही. नियम योग्यच आहे, मी त्याच्या विरोधात नाही. माझी आई शेवटच्या आजारपणात खिडक्या लावून पडलेली असायची तेव्हा ढोल कसा छातीवर आदळतो ते मी पाहिलंय. पण त्याचा एक परिणाम कुणाच्या लक्षात आला नाही. साडेसात ते दहा म्हणजे १५० मिनिटं. त्यातली १४० कार्यक्रमांची. तेरा जागांना मिळून उरली दहा, म्हणजे एका जागेला पाऊण मिनिट. पाऊण मिनिटात शामियाना लागत नाही, दाढी चिकटत नाही, दरबाराचं जंगल होत नाही. काय होतं? पेन ड्राइव्ह बदलता येतो. म्हणून आमच्या वाडीत आधी नाटुकलं गेलं, मग एकपात्री, मग पेटी-तबल्यावरचं गाणं, कारण तबला लावायलाच तीन मिनिटं जातात. उरले ते रेकॉर्डवरचे नाच. लोक म्हणतात, नव्या पिढीला नाटकाची आवड नाही. असेलही. मला मात्र यात आवडीपेक्षा घड्याळाचा हात मोठा दिसतो. तिकडे मूर्ती वाढल्या, देखावे हलते झाले, आणि रंगमंचावर चढणारी वाडी हळूहळू रांगेत उभी राहून बघणारी झाली, तेही खरंच.

आमची वाडी आता नाही. म्हणजे पत्ता आहे, वर बावीस मजले आहेत. गॅलरी नाही, त्यामुळे वर बघून बोलायची गरज उरली नाही. निम्मी कुटुंबं डोंबिवली, विरार, बोरिवलीला गेली, पण गुणदर्शनाला लोकल पकडून येतात. पोरांनी गेल्या वर्षी एक शहाणपणा केला. कार्यक्रम चौदाचे नऊ केले आणि आठ जागांना पाच-पाच मिनिटं सोडली. नव्वद आणि चाळीस, एकशेतीस. वीस मिनिटं उशिरा सुरू होण्यासाठी. हिशोब माझ्याकडून तपासून घेतला. तीन वर्षांनी पहिल्यांदाच एक नाटुकलं झालं, त्यात एक खुर्ची मोडली आणि कुणाचा तरी संवाद चुकला.

माझ्याकडे काम विंगेचं होतं. एका हातात केरसुणी, दुसऱ्या हातात बॅटरी. नाटुकलं संपलं, खुर्चीचे तुकडे उचलले, बारीक खिळे शोधत उकिडवा बसलो होतो. पुढचा नाच लहान मुलींचा. विंगेत एक बाई आपल्या नातीच्या पायातल्या चपला काढत होती. मला ओळखायला वेळ लागला. लुगडं, टोपली, दहातली तिसरी. आता केस पांढरे. बदलापूरहून आली होती. तिनं नातीला कडेला उभं केलं, स्वतः पुढे आली, वाकली आणि फळीवरून तळहात फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"खानदादा," ती म्हणाली, "काच नाही ना रे?"

"नाही गं. पण तो कोपरा बघ एकदा."

तिनं कोपरा पाहिला. मग मी पडदेवाल्याला बॅटरी दाखवली.

नमस्कार.