पोलिसाची हिस्ट्रीशीट कुठं असते?

नमस्कार मंडळी. संयोजकांनी पाऊण तास दिलाय आणि मी कबूल केलंय की पोलिसांनी केलेल्या गुन्ह्यांची नोंद कशी ठेवली जाते आणि खरं तर कशी ठेवायला हवी ते सांगेन. ते सांगणारच आहे, पण आधी एका घड्याळाची गोष्ट सांगतो, कारण ती बाजूला ठेवून मला या विषयावर बोलताच येत नाही.

मी वकिली करतो, फौजदारी. बरीच वर्षं झाली, माझ्याकडे विशीतला एक पोरगा आला होता. मोबाईल चोरीच्या संशयावरून उचलला होता, दोन रात्री ठाण्यात बसवून ठेवला, अटक दाखवलीच नाही, स्टेशन डायरीत नावच नाही त्यामुळं कागदावर तो त्या दोन रात्री घरीच झोपला होता. तळपाय सुजलेले. मी विचारलं काय काय झालं ते क्रमानं सांग, तर तो म्हणाला, साहेबांनी आधी मनगटावरचं घड्याळ काढलं, रुमालानं पुसलं, ड्रॉवरमध्ये ठेवलं, ड्रॉवर लावला, आणि मग उठले. मारापेक्षा ते घड्याळच त्याच्या डोक्यात बसलं होतं. आम्ही अर्ज केला, वर पाठवला, चौकशी लागली, आणि दोन महिन्यांत पोरानं लेखी दिलं की जिन्यावरून पडलो. त्याच्या वडिलांनी माझे हात धरले, म्हणाले वकीलसाहेब आम्हाला याच गावात राहायचंय. मी काय बोलणार.

तीन वर्षांनी एक बाई आल्या, वेगळा तालुका, वेगळं ठाणं. नवऱ्याला सोडलं होतं पण तो बोलत नव्हता, भिंतीकडं बघत बसायचा. बऱ्याच वेळानं त्याचं पहिलं वाक्य काय आलं माहितीये? "त्यांनी आधी घड्याळ काढून ठेवलं." मी पेन खाली ठेवलं. नाव विचारलं. तेच नाव होतं, फक्त आता खांद्यावर एक स्टार जास्त होता.

पोलिसांच्या भाषेत याला एमओ म्हणतात, मोडस ऑपरेंडी, म्हणजे गुन्हा करायची ठरलेली पद्धत. घरफोडी करणारा खिडकीचे गज कसे वाकवतो, चेन खेचणारा गाडी कुठल्या बाजूनं आणतो, हे पोलीस लिहून ठेवतात, आणि चांगलं ठेवतात, त्यात मला शंका नाही. या घड्याळाची नोंद मात्र जगात एकाच ठिकाणी होती, माझ्या वहीत.

म्हणून मी माहितीचा अधिकार टाकला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, साधा अर्ज, प्रश्न एकच: गेल्या दहा वर्षांत आपल्या घटकातल्या किती अधिकारी-कर्मचाऱ्यांवर गुन्हे दाखल झाले, कलम काय, पुढं काय झालं, आणि त्यांची आजची नेमणूक कुठं. उत्तर आलं, "सदरची माहिती एकत्रित स्वरूपात उपलब्ध नाही." तुमच्यापैकी ज्यांनी ज्यांनी माहिती अधिकार वापरलाय त्यांना हे वाक्य पाठ असेल, माना हलताना दिसतायत मला. अपील केलं. सुनावणीला गेलो तर अपिलीय अधिकारी भला माणूस होता, खरंच भला, त्यानं चहा मागवला आणि मला समजावून सांगायला लागला की आमचं रेकॉर्ड किती पद्धतशीर असतं. कपाटातनं एका सोनसाखळी चोराची हिस्ट्रीशीट काढून दाखवली. फोटो, अंगावरच्या खुणा, सासुरवाडीचा पत्ता, मेव्हणा काय करतो, कुणाच्या टपरीवर बसतो, कुठल्या वकिलाकडं जातो, सगळं. म्हणाले, हा माणूस दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत राहायला गेला की ही शीट त्याच्या मागोमाग तिकडं जाते. मी म्हटलं, साहेब, अशीच तुमच्या एखाद्या खात्यातल्या माणसाची दाखवा, ज्याच्यावर तीन ठिकाणी तक्रारी झाल्यात. ते थांबले. मग अगदी सरळपणे म्हणाले, "त्यांच्या फायली आस्थापना शाखेत असतात. गुन्ह्यांचं रेकॉर्ड आमच्याकडं. ते दोन्ही एकत्र येत नाही."

मंडळी, मी आज जे सांगायला आलोय ते या एका वाक्यात आहे. गुन्हा एका खोलीत, माणूस दुसऱ्या खोलीत, आणि मधलं दार बंद. बदली झाली की पगाराचे कागद बरोबर जातात, रजेचा हिशोब जातो, पण ज्याला मारलं त्याचा अर्ज जुन्या ठाण्यात राहतो.

आणि हे फक्त आपल्याकडचं आहे असं समजू नका. लंडनमध्ये मार्च २०२१ मध्ये सारा एव्हरार्ड नावाच्या तरुणीला वेन कझन्स नावाच्या नोकरीतल्या पोलिसानं ओळखपत्र दाखवून, अटकेचं नाटक करून गाडीत घातलं आणि मारलं. मग चौकशीत काय निघालं? २०१५ मध्ये एका माणसानं तक्रार दिली होती की एक जण विवस्त्र अवस्थेत गाडी चालवतोय, गाडीचा नंबर दिला होता, आणि गाडी याच्याच नावावर होती. खुनाच्या थोडेच दिवस आधी पुन्हा अश्लील प्रदर्शनाची तक्रार, पुन्हा गाडीचा नंबर हातात. म्हणजे माहिती होती की नाही? होती. ती 'हा आपलाच माणूस आहे' या माहितीला जाऊन चिकटली नाही, तेही दोन वेळा. २०२४ च्या अँजोलिनी चौकशी अहवालानं स्पष्ट म्हटलं की हा माणूस मुळात पोलिसात असायलाच नको होता.

आता आकड्यांकडं येतो. आपल्याकडं पोलीस कोठडीतले मृत्यू मोजणाऱ्या दोन सरकारी जागा आहेत. एक राष्ट्रीय मानवी हक्क आयोग, ज्यानं डिसेंबर १९९३ मध्येच सांगून ठेवलंय की कोठडीत मृत्यू झाला की २४ तासांत आम्हाला कळवा. दुसरी एनसीआरबी, म्हणजे केंद्राचा राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, जी राज्यांच्या पोलिसांकडून आलेली माहिती छापते. एनसीआरबीचा २०२१ चा आकडा ८८. आयोगाचा २०२१-२२ चा आकडा, जो सरकारनंच संसदेत दिला, १७५. एकाचं वर्ष जानेवारीपासून, दुसऱ्याचं एप्रिलपासून, आणि मोजायच्या पद्धती वेगळ्या, हे मला मान्य आहे. पण दुप्पट? जिथं मृतदेह समोर आहे, पंचनामा आहे, पोस्टमॉर्टेम आहे, कायद्यानं न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी आहे, तिथं ही गत, तर मग तळपायावरच्या काठीचं काय होत असेल.

तिचं काय होतं ते सांगतो. कबुली मिळवण्यासाठी दुखापत करणं हा जुन्या दंडविधानात ३३० कलमाखाली स्वतंत्र गुन्हा होता, आता न्यायसंहितेत १२०. माझ्या आख्ख्या वकिलीत ते कलम पोलिसावर पहिल्या फटक्यात लागलेलं मी पाहिलं नाही. नोंदलंच तर ३२३ लागायचं, साधी दुखापत, अदखलपात्र, एनसीची पावती हातात घेऊन घरी. वर्षाच्या शेवटी आकडे काढताना ती पावती शेजाऱ्या-शेजाऱ्यांच्या भांडणात मोजली जाते. छळ म्हणून वेगळा कायदा आपल्याकडं नाहीच. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारतानं १९९७ मध्ये सही केली, मंजुरी अजून बाकी आहे. २०१० मध्ये लोकसभेत विधेयक पास झालं, पुढं ते बारगळलं. कायद्यानं ज्याला नाव दिलं नाही ते मोजायलाही मिळत नाही. उलट उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलंच आहे, मथुरा प्रकरण. १९७२, देसाईगंज पोलीस ठाणं, दोन पोलिसांनी ठाण्यातच बलात्कार केल्याचा आरोप करणारी एक आदिवासी मुलगी. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही पोलिसांना सोडलं, १९७९ मध्ये चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतला बलात्कार हा वेगळा गुन्हा ठरला आणि तेव्हापासून त्याचा वेगळा रकाना होऊ शकला. त्या एका रकान्यामागं अकरा वर्षं आणि एका मुलीचं अख्खं आयुष्य आहे.

(चिठ्ठी आली वाटतं. दहा मिनिटं. बरं.)

मग पटकन बाकीचं. अमेरिकेतल्या ओहायोमध्ये बोलिंग ग्रीन नावाचं विद्यापीठ आहे, तिथं फिलिप स्टिन्सन नावाचे प्राध्यापक आहेत, आधी स्वतः पोलीस होते, मग वकील. किती पोलिसांना अटक होते हे सरकार सांगत नाही म्हटल्यावर त्यांनी गूगल अलर्ट लावले, ४८ शब्दप्रयोगांचे, आणि कुठंही पोलिसाला अटक झाल्याची बातमी आली की ती उचलून कोर्टाच्या कागदांशी ताडून नोंदवायला सुरुवात केली. २००५ ते २०११ या सात वर्षांत त्यांना सापडले ६,७२४ खटले, ५,५४५ अधिकारी, आणि ते २,५२९ वेगवेगळ्या खात्यांतले. दोन आकड्यांमधला फरक बघा, खटले जास्त आणि माणसं कमी, म्हणजे काही नावं परत परत येतायत, आणि हे कळलं का, तर त्यांनी नावानं नोंद ठेवली म्हणून. आणखी एक, जवळजवळ साठ टक्के गुन्हे ड्युटीवर नसताना केलेले, ज्यात दारू आणि घरच्या माणसांना मारहाणही आली, म्हणजे फक्त ठाण्याच्या आतलं मोजून भागत नाही.

आपल्याकडं हे करायला गेलं की आडवं काय येतं? पहिलं म्हणजे आपली कोर्टं. निकालपत्रात आरोपीच्या नावाखाली वय आणि धंदा लिहितात. पोलीस आरोपी असेल तर बहुतेक वेळा काय लिहिलेलं असतं? "धंदा: नोकरी." बस, नोकरी. कुठली ते नाही, त्यामुळं कोर्टांच्या ई-कोर्ट वेबसाइटवर तुम्ही कितीही शोधा, हाती लागत नाही, आख्खं निकालपत्र वाचल्याशिवाय. दुसरं, २०१२ चा सर्वोच्च न्यायालयाचा गिरीश देशपांडे निकाल, ज्यात सरकारी नोकराला दिलेले मेमो आणि शिक्षा ही त्याची खाजगी माहिती ठरली, आणि तेव्हापासून प्रत्येक माहिती अधिकारी तोच निकाल आपल्या तोंडावर मारतो. दोनच वर्षांनी, २०१४ मध्ये, शिकागोच्या काल्व्हन खटल्यात तिथल्या कोर्टानं बरोबर उलटं म्हटलं, की पोलिसावरच्या तक्रारीची फाईल ही लोकांची आहे. त्यानंतर तिथं हजारो तक्रारी नावानिशी लोकांसमोर आल्या. मला हा निकाल आपल्याकडं हवाय, आणि मी तो मागत राहणार.

तिसरं, पोलीस तक्रार प्राधिकरण, पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकण्यासाठीचं. पोलीस सुधारणांच्या प्रकाश सिंग खटल्यात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा आदेश झाला, आपल्या राज्यानं २०१४ मध्ये कायद्यात घातलं. किती जणांनी तिथं तक्रार केलीय, हात वर करा. दोन. बरं.

आता मी जे सांगायचं कबूल केलं होतं ते. नोंद कशी असावी? नावानं असावी, बकल नंबरानं, म्हणजे पोलिसाच्या खात्यातल्या क्रमांकानं असावी, आणि बदलीबरोबर जावी, अगदी त्या सोनसाखळी चोराच्या शीटसारखी. दोन वेगळ्या ठाण्यांत, एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांनी एकाच अधिकाऱ्याविरुद्ध तक्रार दिली तर ती नोंद आपोआप वर जावी, भले दोन्ही अर्ज मागे घेतलेले असोत, कारण मागे घेतलेला अर्ज हीसुद्धा माहिती आहे, माझ्या अनुभवात तर सगळ्यात मोठी. आणि ही वही खात्याबाहेर राहावी, प्राधिकरणाकडं किंवा जिल्हा न्यायालयाकडं. इंग्लंडमध्ये २०१७ पासून बडतर्फ पोलिसांची यादी आहे, तिच्यात नाव गेलं की दुसऱ्या खात्यात भरती होता येत नाही, पण ती यादी बडतर्फ झाल्यानंतर सुरू होते आणि कझन्स खून करेपर्यंत नोकरीतच होता. म्हणून सुरुवात पहिल्या अर्जापासून हवी. खोट्या तक्रारी येतील असं पोलीस मित्र म्हणतात, येतीलच, पण हिस्ट्रीशीटमध्येसुद्धा निर्दोष सुटलेले गुन्हे लिहिलेले असतात ना, पुढं 'निर्दोष' असं लिहून. तसंच इथं लिहा. आणि प्रामाणिक पोलिसालाही हे हवंय, त्या भल्या अधिकाऱ्यानं मला दारापर्यंत सोडताना हळू आवाजात तेच सांगितलं.

पोलिसावर खटला चालवायला लागणारी सरकारची परवानगी हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे, फक्त एवढं लिहून घ्या: नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या २१८ कलमात सरकारला १२० दिवसांची मुदत आहे, तेवढ्यात निर्णय नाही झाला तर परवानगी मिळाली असं धरलं जातं. तेव्हा अर्ज केल्याची तारीख असलेली पोच जपून ठेवा.

आणि जाताना एक काम. तुमच्या गावात पोलिसाला अटक झाल्याची बातमी आली की कापून ठेवा, मागं तारीख आणि पेपरचं नाव, गुन्हा रजिस्टर नंबर असेल तर तो गोल करून. सहा महिन्यांनी कोर्टात जाऊन त्या नंबरचं काय झालं ते विचारा आणि त्याच कागदावर लिहा. माझ्या अशा सात वह्या झाल्यात, बाहेर टेबलावर ठेवल्यात, चाळून बघा. तिसऱ्या वहीत घड्याळाची दोन्ही पानं आहेत, मी त्यांना दोऱ्यानं एकत्र शिवलंय.