आतलं चाक फिरतं अन् गाडी तिथंच: नागपुरात रोजच्या गाडीला एलएसडी डिफरन्शियल कोणतं घ्यावं

[दृश्य: पावसाळी संध्याकाळ. छत्रपती चौक, मेट्रोचे खांब, लाल सिग्नल.]

वर्धा रोडवरून रिंगरोडला उजवीकडे वळायचंय. पाऊस नुकताच येऊन गेला, सिमेंटचा रस्ता चकचक करून राहिला, त्यावर दिवसभराचं सांडलेलं ऑइल, सिग्नल सुटला नाही तर मागून हॉर्न सुरू. स्टिअरिंग फिरवून पाय दाबला, टर्बो जागा झाला आणि आतल्या बाजूचं पुढचं चाक सर्रकन जागच्या जागी फिरलं. डॅशवर चाक घसरल्याचा पिवळा दिवा लुकलुकला, अन् दीडशे हॉर्सपॉवरची गाडी बाजूच्या मोपेडच्या मागे राहिली.

आता मालक म्हणतो, इंजिन ट्यून करून घेऊ. अबे, इंजिन आहे तेवढंच जमिनीपर्यंत पोचत नाहीये ना!

[दृश्य: हिंगणा रोडवरचं गॅरेज. टेबलावर उघडलेला गिअरबॉक्स.]

वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी, म्हणून दोघांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारं डिफरन्शियल मध्ये असतं. कंपनीतून येतं ते साधं, म्हणजे ओपन. त्याचा नियम एकच, दोन्ही चाकांना टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, सारखा. ऐकायला छान वाटतं, पण वळणावर वजन बाहेरच्या चाकावर जातं, आतलं हलकं होतं, आणि समजा आतलं 400 न्यूटन मीटरच्या वर पेलत नाही, घसरतं, तर बाहेरच्यालाही 400च मिळतात, भले त्याची ऐपत 1000ची असो. एकूण 800. तुम्ही पाय कितीही दाबा, जास्तीचं सगळं आतलं चाक फिरवण्यात वाया.

लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, म्हणजे एलएसडी, एका चाकाला असं मोकाट फिरू देत नाही, ते इथंच कामाला येतं. हे काही आजकालचं फॅड नाही, 1930च्या दशकात ऑटो युनियनच्या रेसिंग गाड्यांची चाकं अशीच जागेवर फिरायची म्हणून फर्डिनांड पोर्शेनं झेडएफ कंपनीकडून असं डिफ बनवून घेतलं होतं.

[दृश्य: मिस्त्रीच्या हातात दोन डिफ, शेजारी शेजारी.]

बाजारात मुख्य दोन जाती. पहिली प्लेटवाली. आत क्लच प्लेटांची थप्पी असते, पाय दाबला की आतले तिरपे उतार, म्हणजे रॅम्प, त्या प्लेटा दाबतात आणि दोन्ही बाजू एकमेकींना धरून ठेवतात. यात वन-वे म्हणजे फक्त पाय दाबल्यावर काम करणारं, टू-वे म्हणजे पाय काढल्यावरही धरणारं, आणि वन-पॉइंट-फाइव्ह मधलं. टू-वे पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत टाकायचं मनात पण आणू नका, वळणावर पाय उचलला की गाडी नाक वळवायला तयारच होत नाही. ट्रॅकवर प्लेटवाल्याला तोड नाही हे खरं, चाक हवेत गेलं तरी ते काही ना काही पकडून ठेवतं. पण पार्किंगमधून स्टिअरिंग पूर्ण फिरवून निघताना कटकट वाजतं, प्लेटा झिजतात, ऑइल वेगळं लागतं आणि ते लवकर लवकर बदलावं लागतं. रविवारी सावजी ठीक आहे हो, रोजच्या डब्यात कोण नेतं?

दुसरी जात हेलिकल, टॉर्सन आणि क्वेफ ही त्यातली गाजलेली नावं. यात प्लेटा नाहीत, तिरपे कापलेले गियर आहेत. जोर आला की हे गियर हाउसिंगला रेटले जातात, त्या घर्षणातून पकड असलेल्या चाकाकडे जास्त टॉर्क जातो. किती जास्त, ते बायस रेशोवर, म्हणजे घसरणाऱ्या चाकाच्या किती पट टॉर्क दुसऱ्याला देता येतो त्यावर. रेशो अडीच असेल तर वरच्याच उदाहरणात आतल्याला 400 आणि बाहेरच्याला 1000, एकूण 1400. इंजिन तेच, टायर तेच, आणि 800च्या जागी 1400!

याची एक खोड आहे, ती कोणी विकणारा सांगत नाही. आतलं चाक पूर्ण हवेत गेलं तर शून्याला अडीचनं गुणून शून्यच, तेव्हा हेलिकल जवळजवळ ओपनसारखं वागतं. पण रोजच्या गाडीत चाक हवेत कुठं जाते, फार तर मोठ्या स्पीड ब्रेकरवरून तिरपं उतरताना.

[दृश्य: जवळून. मिस्त्री एका बाजूचा शाफ्ट हातानं फिरवतो, दुसरा उलटा फिरतो.]

हे नीट बघा. नवं हेलिकल डिफ हातात घेऊन एक बाजू फिरवली तर दुसरी निवांत उलटी फिरते, अगदी ओपनसारखी. बरेच जण इथंच घाबरतात, म्हणतात डुप्लिकेट माल आला. नाही बावा, प्रीलोडच्या, म्हणजे आधीपासूनच दाब देणाऱ्या, वॉशर नसलेलं हेलिकल बिनजोराचं असंच फिरतं, त्याला भार लागतो. हातानं फिरवायला जड जातं ते प्लेटवालं. म्हणजे जुनं प्लेटवालं घेत असाल आणि ते हातानं सैल फिरत असेल, तर मात्र ठेवून द्या, प्लेटा गेल्या.

बरं, पैसे काढायच्या आधी आपल्याकडे आधीच काय आहे ते बघा. फोक्सवॅगन ग्रुपच्या गाड्यांत ईडीएस किंवा एक्सडीएस नावाची सोय असते, ती घसरणाऱ्या चाकाला हलका ब्रेक लावते म्हणजे टॉर्क दुसऱ्या बाजूला सरकतो. खरं डिफ नाही ते, ब्रेकचा खेळ आहे, दणादण चालवलं की पॅड तापतात, मे महिन्यात पारा 45च्या पुढे गेलेल्या नागपुरात तर आणखीनच. पण शहरात निघून जातं काम. 2020मध्ये भारतात मोजक्या 200 आलेल्या ऑक्टाव्हिया आरएस 245ला मात्र पुढच्या एक्सलवर कंट्रोल होणारं खरं लॉक होतं.

आणि टायर! झिजलेल्या, कडक झालेल्या टायरवर एलएसडी बसवणं म्हणजे पैशाची माती. आधी चांगले टायर, अलाइनमेंट, मग बोलू.

[दृश्य: समृद्धी महामार्ग, सरळ रेघ.]

आपल्याकडे घाट नाही, हा एक मुद्दा. समृद्धीवर शिर्डीपर्यंत सरळ जायचं असेल तर एलएसडीचा उपयोग जवळपास काही नाही. कामाला येते ते ओल्या चौकात, कच्च्या मुरुमावर, नाहीतर तामियावरून पचमढीला किंवा परतवाड्यावरून चिखलदऱ्याला चढताना. ज्यांचं महिन्यातून एकदा तरी तिकडं जाणं होते आणि गाडी मॅन्युअल आहे, त्यांनी हेलिकल घ्यावं, माझं सरळ मत आहे. बाकीच्यांनी टायर बदलून गप बसावं.

स्टिअरिंगमध्ये फरक जाणवतो हेही सांगून ठेवतो. पुढच्या चाकांवर एलएसडी आलं की पूर्ण जोरात निघताना स्टिअरिंग हातातून ओढ घेतं, रस्त्याच्या उताराकडे, सिमेंटच्या कडेकडे. 2002ची फोर्ड फोकस आरएस क्वेफच्या डिफसह आली होती आणि या ओढीसाठीच बदनाम झाली. एका हातानं चालवायची सवय सुटते एवढं नक्की.

[दृश्य: ड्रेन प्लगचं मॅग्नेट, त्यावर बारीक लोखंडाची काळी लेप.]

काम सोपं नाही. गिअरबॉक्स पूर्ण उतरवायचा, केस उघडायची, जुन्या डिफवरचं क्राऊन, म्हणजे मोठं गियर, काढून नव्यावर चढवायचं, बोल्ट नवे आणि टॉर्क रेंचनंच कसायचे, बेअरिंगचा प्रीलोड शिमनं, म्हणजे पातळ चकत्यांनी, मोजून बसवायचा. इथं अंदाजपंचे केलं की हजार किलोमीटरमध्ये घुंऽऽ असा आवाज सुरू. मिस्त्रीला आधीच विचारा, शिम मोजतो का, मायक्रोमीटर आहे का. "होऊन जाते भाऊ" असं उत्तर आलं तर दुसरं गॅरेज शोधा. गिअरबॉक्स खाली उतरलाच आहे तर क्लच, रिलीज बेअरिंग आणि एक्सलचे ऑइल सील त्याच वेळी बदला, मजुरी दुसऱ्यांदा लागत नाही. पार्ट सगळे हातात आल्याशिवाय गाडी उघडायला देऊ नका, नाहीतर एका सीलसाठी ती गॅरेजात पंधरा दिवस जॅकवर उभी राहते.