पाहुणे न आलेलं बेट

नमस्कार श्रोतेहो. मॉरिशस म्हटलं की आपल्याकडे मधुचंद्राच्या सहलींच्या जाहिराती आठवतात. आज बोलायचंय ते तिथे पाहुणेच येईनासे झाले त्या दिवसांविषयी. आपलं थोडं नातंही आहे त्या बेटाशी. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडून ऊसमळ्यांवर मजुरीला गेलेल्या माणसांची नातवंडं-पणतवंडं तिथे आहेत, आणि गणेश चतुर्थीला तिथे देशभर सुट्टी असते.

18 मार्च 2020 ला तिथे कोरोनाचे पहिले रुग्ण सापडले. लगेच सीमा बंद झाल्या, संचारबंदी लागली. सुपरमार्केटंसुद्धा काही दिवस बंद होती. एप्रिलमध्ये उघडली तेव्हा आडनावाच्या पहिल्या अक्षराप्रमाणे वार ठरवून दिले. म्हणजे तेल-तांदूळ आज घ्यायचा की उद्या, हे आडनाव ठरवणार! पण कडक शिस्तीचा उपयोग झाला. एप्रिल संपता संपता स्थानिक संसर्ग थांबला. त्या सबंध वर्षात कोरोनाने मृत्यू झाले फक्त 10.

आजार हटला, तरी कमाई परतली नाही. गिऱ्हाईक होतं फ्रान्समध्ये, ब्रिटनमध्ये, दक्षिण आफ्रिकेत, आणि तिकडे साथ चालूच होती. 2019 मध्ये या बेटावर सुमारे 13 लाख 80 हजार पर्यटक आले होते, देशाच्या लोकसंख्येपेक्षा जास्त. 2020 मध्ये आले जेमतेम 3 लाख, तेही बहुतेक सीमा बंद होण्याआधीच. एअर मॉरिशस ही तिथली विमान कंपनी एप्रिलमध्येच प्रशासकांच्या, म्हणजे देणी भागेनात तेव्हा कंपनी सांभाळायला नेमलेल्या त्रयस्थांच्या, हाती गेली. त्या वर्षी देशाची अर्थव्यवस्था सुमारे 15 टक्क्यांनी आकसली.

सरकार हातावर हात ठेवून बसलं नव्हतं, हे मान्य करायला हवं. नोकरदारांच्या पगारासाठी मालकांना मदत मिळाली, माणशी महिना कमाल 25,000 मॉरिशस रुपये. स्वतःचा धंदा करणाऱ्यांना 5,100, म्हणजे किमान वेतनाच्या साधारण निम्मे. मला खटकतं ते इथे. हॉटेलातला स्वागतक किंवा आचारी निदान पगारपत्रकावर होता. पण त्रू द'ओ दूस या किनाऱ्यावरच्या गावाहून पर्यटकांना इल ओ सेर्फ या छोट्या बेटावर नेणारा नाववाला, किनाऱ्यावर टोप्या-माळा विकणारी बाई, विमानतळाबाहेरचा टॅक्सीवाला, हॉटेलला मासळी पुरवणारा कोळी? नावेचं कर्ज काही थांबलं नव्हतं. पर्यटकाचा पैसा हॉटेलच्या गल्ल्यात पडताना दिसतो, पुढे तो कुठे कुठे झिरपतो ते आटल्यावरच कळतं. मालवण-तारकर्लीच्या नाववाल्यांना हे वेगळं सांगायला नको.

त्यातच जुलैअखेर वाकाशिओ हे जपानी मालकीचं जहाज आग्नेय किनाऱ्याजवळच्या प्रवाळावर चढलं. 6 ऑगस्टपासून त्यातून सुमारे हजार टन तेल समुद्रात सांडलं. हजारो लोक किनाऱ्यावर धावले. कापडाच्या लांबच लांब पिशव्या शिवून त्यांत उसाचं पाचट भरलं आणि ते तरंगते बांध तेलाला आडवे घातले. ज्या उसासाठी आजे-पणजे या बेटावर आले, त्याचाच पाला! पण त्या भागातली मासेमारी बंद करावी लागली. म्हणजे पर्यटक गेले तर निदान मासळी आहे, असा जो आधार होता, तोही गेला.

हॉटेलांनी मग स्थानिकांसाठी सवलतीचे दर लावले. त्याने काही खोल्यांत दिवे लागले, पण खर्च निघाला नाही. मार्च 2021 मध्ये पुन्हा टाळेबंदी आली. लस घेतलेल्यांसाठी दारं पूर्ण उघडली ती 1 ऑक्टोबर 2021 ला, दीड वर्षानंतर.

पर्यटक हळूहळू परतले. 2022 मध्ये आकडा 10 लाखांच्या जवळ गेला. आता हॉटेलांची तक्रार उलटी होती, कामाला माणसं मिळेनात. अनुभवी वेटर, आचारी क्रूझ जहाजांवर नाहीतर परदेशी निघून गेले होते. घरी राहिलेल्यांनी दुसरे धंदे धरले होते, आणि रात्रपाळीच्या त्या नोकरीवर परतायला ते तयार नव्हते. शेवटी हॉटेलमालक बाहेरच्या देशांतून कामगार आणण्याची परवानगी मागू लागले.