थंडी कुणाला वाजत होती?

(दृश्य: पुणे, पेठेतली शाळा. तिसरीचा वर्ग. एक मुलगी उभी राहून वाचते आहे.)

ऐका, किती छान वाचतेय ही. जोडाक्षरं स्पष्ट, पूर्णविरामाला नीट थांबतेय.

"दादाने पिल्लाला कुशीत घेतलं. पाऊस पडत होता. त्याला थंडी वाजत होती."

बाई विचारतात, "थंडी कुणाला वाजत होती गं?"

"दादाला!"

व्याकरणाच्या दृष्टीने हे उत्तर चूक म्हणता येणार नाही. ‘तो’चं ‘त्याला’ होतं आणि ‘ते’चंही ‘त्याला’च होतं. दादा की पिल्लू, हे शब्द सांगत नाही. कुशीत कुणी कुणाला घेतलं, का घेतलं, याचा विचार मुलीला स्वतः करायचा असतो. तिने आधी आलेलं नाव धरलं. लहान मुलं बरेचदा असंच करतात.

आता बाई फळ्यावरचं शेवटचं वाक्य पुसून लिहितात: "थंडीने कुडकुडत होतं." सर्वनामच नाही! तरी मुलीची नजर मागे जाते. "पिल्लू, बाई!" ‘होतं’ या क्रियापदाने तिला वाट दाखवली.

(दृश्य: वहीची पानं.)

1986 साली ब्रिटनमध्ये निकोला युइल आणि जेन ओकहिल या मानसशास्त्रज्ञांनी सात-आठ वर्षांच्या मुलांचा याच अंगाने अभ्यास केला. शब्द सफाईने वाचणारी, पण अर्थ कमी लागणारी मुलं सर्वनाम कुणासाठी आलंय हे ओळखताना जास्त चुकत होती. अशी मुलं वर्गात पटकन लक्षात येत नाहीत, कारण ती अडखळत नाहीत. आपण परीक्षेत विचारतो, ‘सर्वनामे अधोरेखित करा.’ मूल रेघ मारतं, गुण मिळवतं. ते सर्वनाम कुणाचं, हे विचारायचं राहूनच जातं, आणि मला हे फार खटकतं. गोष्ट हातातून निसटते ती नेमकी इथेच.

(दृश्य: पुन्हा फळा. मुलांच्या हातात पेन्सिली.)

या बाई बाण काढायला लावतात. सर्वनामापासून मागे, नावापर्यंत.

"आजोबा आले. मुलं धावत गेली. त्यांनी त्यांना लाडू दिले."

मराठीतला आदर इथे गोंधळ घालतो. एकटे आजोबाही ‘त्यांनी’, सगळी मुलंही ‘त्यांनी’. वर्गाचे बाण पहिल्या ‘त्यांनी’पासून आजोबांकडे जातात. मोठ्या माणसांनाही तेच सुचेल. लाडू आजोबांनीच द्यायचे असतात ना! एका मुलाचा बाण मात्र मुलांकडे गेलाय. शेजारचा हसतो.

बाई म्हणतात, "थांबा. पुढचं वाक्य वाच रे."

"काठी टेकत टेकत आणखी एक मागायला आले."

क्षणभर शांतता. मग मागच्या बाकावरून आवाज येतो, "बाई, मुलं असती तर ‘आली’ असतं!"

वर्गभर खोडरबर निघतात. त्या एका मुलाला बाण पुसावा लागत नाही.