कड्यावरचा पांढरा पक्षी

श्रोतेहो, नमस्कार.

साताऱ्याच्या आसपासच्या एका कड्यावर शाहीन ससाण्याची जोडी दर वर्षी घरटं करते. कडा कोणता ते सांगणार नाही. घरट्याचा पत्ता चारचौघांत सांगायचा नसतो, रेडिओवर तर नाहीच. समोरच्या धारेवर बसून मी आठ-दहा वर्षं त्या जोडीचे फोटो काढतो आहे. तिथं हाताला लागलेली सवय गेल्या जूनमध्ये मला उलटी फिरवावी लागली, आज त्याबद्दल बोलतो.

माझी मुलगी इंग्लंडमध्ये लीड्सला असते. तिथून गाडीनं दोनेक तासांवर, यॉर्कशायरच्या पूर्व किनाऱ्यावर, बेम्प्टनचे कडे आहेत. आपला सह्याद्री काळ्या बेसॉल्टचा. हे कडे खडूच्या पांढऱ्या दगडाचे, सुमारे १०० मीटर उंच, सरळ समुद्रात उतरलेले. उन्हाळ्यात तिथं लाखो समुद्रपक्षी वीण करतात. गॅनेट, गिलेमॉट, रेझरबिल, पफिन, शिवाय स्वतःच्याच नावानं ओरडत राहणारा किटिवेक नावाचा कुरव. आधी वास येतो, मग कलकलाट ऐकू येतो, पक्षी दिसतात ते शेवटी.

गॅनेट पंख पसरतो तेव्हा या टोकापासून त्या टोकापर्यंत ६ फूट भरतो. अंग शुभ्र, पंखांची टोकं काळी आणि डोक्यावरून कुणी हळदीचा हात फिरवावा तसा फिकट पिवळा रंग. पहिल्या दिवशी मी त्याचे शेकड्यांनी फोटो काढले. एकही धड आला नाही.

कारण साधं आहे. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं मधल्या राखाडी रंगाचं आहे असं धरून चालतो. काळा कातळ दिसला की उजेड कमी पडला असं समजून फोटो उजळ करतो. म्हणून आपल्याकडच्या कड्यांवर मी एक्स्पोजर, म्हणजे फोटोसाठी आत घेतला जाणारा उजेड, एक स्टॉप कमी, म्हणजे निम्मा ठेवतो, नाहीतर काळाकभिन्न कातळ चुलीतल्या राखेसारखा दिसतो. बेम्प्टनला कडाही पांढरा आणि पक्षीही पांढरा. तिथं एक स्टॉप वाढवल्याशिवाय मळकटपणा जाईना. बरं, वाढवून ठेवावं, तर तोच पक्षी वाऱ्यावर तरंगत पुढे येतो आणि त्याच्यामागे गडद समुद्र येतो. मग छातीवरची पिसं जळून जातात, नुसता पांढरा डाग उरतो. असा जळलेला पांढरा नंतर कशानंही परत येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी कॅमेरा मॅन्युअलवर घेतला, म्हणजे उजेड किती घ्यायचा ते स्वतःच ठरवू लागलो. उन्हात बसलेल्या गॅनेटच्या छातीवर एकदा एक्स्पोजर बसवलं, पिसं दिसताहेत याची खात्री केली, आणि मग मागे कडा येवो, समुद्र येवो, आकाश येवो, हात लावला नाही. पक्ष्यावरचं ऊन तेच असतं, बदलते ती त्याच्यामागची बाजू. ढग आला तर मात्र पुन्हा बसवायचं.

याच्या सरावाला इंग्लंडला जायला नको. साताऱ्याजवळ संगम माहुलीला नदीवर म्हशी येतात. म्हशीच्या पाठीवरचा गायबगळा टिपून बघा. त्याच्या मानेवरची पिसं वेगवेगळी दिसली की जमलं.

मला नेहमी विचारतात, लेन्स कुठली? माझं म्हणणं, आधी कड्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते बघा. बेम्प्टनचं ईशान्येला आहे. जूनमध्ये तिथं साडेचारच्या सुमाराला सूर्य उगवतो आणि ऊन मिळतं ते सकाळीच. दुपारनंतर बहुतेक कडा सावलीत जातो. वाऱ्यात ट्रायपॉड थरथरतो, म्हणून मी घरून रिकामी कापडी पिशवी नेली होती. तिथं दोन किलो तांदूळ घेऊन ती भरली, कुंपणाच्या आडव्या दांडीवर ठेवली आणि वर लेन्स टेकवली.

त्या कुंपणापलीकडे गेलेलं कुणी मला दिसलं नाही. एके काळी याच भागात लोक बोटीतून येऊन मजेखातर हे पक्षी बंदुकीनं मारत. त्यावर ओरड झाली आणि १८६९ साली ब्रिटनमध्ये विणीच्या काळात समुद्रपक्ष्यांना संरक्षण देणारा कायदा झाला. आपल्या १९७२च्या वन्यजीव कायद्यातही घरट्याला त्रास देणं शिकारीत मोडतं. तरी मार्चमध्ये त्या शाहीनच्या कड्यापाशी कुणीतरी ड्रोन उडवला. मार्चच्या उन्हात कातळ तापतो, मादी अंड्यांवर बसते ती ऊब द्यायला आणि सावली धरायलाही. ती उठून गेली. घड्याळ लावून बघितलं, अठरा मिनिटं परतली नाही. ती अठरा मिनिटं मी विसरू शकत नाही.

बेम्प्टनच्या शेवटच्या संध्याकाळी साडेनऊ वाजून गेले होते. गिलेमॉट घरटं बांधत नाही, उघड्या कपारीवर एकच अंडं घालतो. पिल्लू तीनेक आठवड्यांचं झालं, की उडता येत नसतानाच अंधार पडायच्या बेताला समुद्रात उडी घेतं. खालून बाप हाका मारत असतो. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता, १२,८०० वर नेला, तरी शटरचा वेग १/२०० सेकंदाच्या वर जाईना. फ्लॅश मारायचा प्रश्नच नव्हता, त्या क्षणी पिल्लाचे डोळे दिपवणं म्हणजे पाप. मुठीएवढं पिल्लू कडेला आलं, मागे सरलं, पुन्हा आलं.

फोटोत एक राखाडी फराटा आहे, आणि खाली पाण्यावर एक काळा ठिपका. तो बाप. तो फोटो मी घरात मोठा करून लावला आहे.

नमस्कार.