कागद नागपूरला जातो

[वैनगंगेचा काठ, पवनी तालुका]

१९८८ मध्ये गोसीखुर्द धरणाची पायाभरणी झाली. पाणी चढत गेलं तशी काठच्या गावांची वावरं गेली, घरं गेली. जुन्या भूसंपादन कायद्यात सरकारचा भाव पटला नाही, की शेतकऱ्यानं दिवाणी न्यायालयात वाढीव मोबदला मागायचा. तिथंही समाधान झालं नाही, तर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात अपील. विदर्भाच्या अकराही जिल्ह्यांना ते एकच ठिकाण. गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला असलेल्या सिरोंच्याच्या माणसाचा नुसता जाण्यातच दिवस मोडतो.

वर गेल्यावर सगळं नव्यानं सांगू, असं गावात अनेकांना वाटतं. तसं होत नाही. अपिलात साक्षीदार सहसा पुन्हा उभे राहत नाहीत. खालच्या कोर्टाचं रेकॉर्ड वर जातं आणि न्यायमूर्ती तेच वाचतात. जादा पुरावा घेतला जातो तो क्वचितच, सबळ कारण असेल तर. म्हणून भूसंपादनासाठी होणाऱ्या संयुक्त मोजणीत विहीर लिहिली का, आंब्याची, मोहाची झाडं किती धरली, भाव दाखवायला शेजारच्या वावराचं खरेदीखत जोडलं का, हे पहिल्या पेशीपासून बघा. कळकळीनं सांगतो, वकिलाला विचारायला लाजू नका.

[गडचिरोली]

फौजदारीतही कागदच तोलला जातो. मार्च २०१७ मध्ये इथल्या सत्र न्यायालयानं दिल्लीचे प्राध्यापक जी. एन. साईबाबा यांच्यासह सहा जणांना यूएपीए म्हणजे बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली दोषी ठरवलं. पाच जणांना जन्मठेप. १४ ऑक्टोबर २०२२ला नागपूर खंडपीठानं सोडलं. दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली आणि एप्रिल २०२३ मध्ये अपील फेरसुनावणीला परत आलं. ५ मार्च २०२४ला पुन्हा निर्दोष. खटला चालवायला लागणारी सरकारची मंजुरी कायद्याला धरून नव्हती, जप्तीही सिद्ध झाली नव्हती.

सहापैकी एक, गडचिरोलीचाच आदिवासी तरुण, ऑगस्ट २०२२ मध्ये कैदेत असतानाच गेला. पहिली सुटकाही त्याच्या माघारी आली. त्याची वर्षं कोणत्याच निकालानं परत येणार नाहीत, आणि आम्हाला हे फार लागतं.

सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध हायकोर्टात अपिलाला साठ दिवस मिळतात, फाशी असेल तर तीसच. निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यात धरत नाहीत. वकिलाला पैसे नसतील, तर तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करा. आदिवासींना, महिलांना, कोठडीतल्या माणसाला तिथं उत्पन्नाची अट नाही. तुरुंगातल्या माणसाला तर अधीक्षकामार्फत आतूनच अपील पाठवता येतं.